पूर्वपक्षाची दोन मिनिटे

ज्याला शब्द दिला आहे त्याच्या वतीने बोलण्यास आपण उभे राहावे आणि बोलता बोलता विरुद्ध पक्षाचेच म्हणणे आपल्याला पटू लागावे, असा प्रसंग विचार करणाऱ्या कोणत्याही मनुष्यावर येऊ शकतो. त्या क्षणी मान कोणाचा राखावा, दिलेल्या शब्दाचा की पटलेल्या गोष्टीचा, हा प्रश्न एकांतात बसूनही सुटणे कठीण. मला तो पत्नी, पुत्र आणि सून यांच्या समक्ष, परक्या भाषेत, एका शाळेच्या व्यायामशाळेत उभे राहून सोडवावा लागला.

"अण्णा, मफलर नीट गुंडाळा आणि टोपी कानांवर ओढा," माझी सून मुक्ता म्हणाली. तिचा आवाज बसला होता. शब्द घशातून खरवडून काढल्यासारखे येत होते. "आज तुम्हाला सर्दी झालेली मला परवडणार नाही."

"म्हणजे उद्या झाली तर चालेल," गाडीत मागे बसलेली इंदुमती म्हणाली.

"उद्या चालेल, आई. उद्या मी अण्णांना तीन वेळा काढा करून देईन."

"नाही मिळणार काढा," गाडी चालवणारा श्रीरंग म्हणाला. "निवडणुकीतली आश्वासनं आहेत ही, अण्णा."

बाहेर अमेरिकेतील आयोवा राज्याचा जानेवारी होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे बांध घातलेले, आणि त्यांच्या मधून गावातील निम्म्या गाड्या शाळेकडे चाललेल्या. आदल्या वर्षी मी आणि इंदुमती या देशाचे नागरिक झालो होतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभे करावे, हे ठरवण्याची पहिली सभा आमच्या राज्यात भरते. तिला कॉकस म्हणतात. आमच्या गावी तिची रीत अशी, की मतपेटी नाही, शिक्का नाही, बोटाला शाई नाही. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन सर्वांदेखत उभे राहायचे आणि डोकी मोजली जायची. जमलेल्यांपैकी पंधरा टक्के माणसे ज्याच्यामागे नाहीत त्याचा गट मोडतो. मात्र मोडण्यापूर्वी अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात कोणीही कोणाच्याही कोपऱ्यात जाऊन त्याचे मन वळवावे, आणि ज्याला पटेल त्याने आपला कोपरा बदलावा.

हे प्रथम ऐकले तेव्हा माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. आमच्या संस्कृत पाठशाळेत गुरुजी अशीच वादसभा भरवीत. वादात जो निरुत्तर होई तो प्रतिपक्षाला नमस्कार करून त्याच्या शेजारी जाऊन बसे. ती रीत मी काळाच्या उदरात गेली असे समजत होतो. ती सातासमुद्रापलीकडे मक्याच्या शेतांमध्ये जिवंत आहे हे पाहून मला तीर्थदर्शनासारखे वाटले होते.

आमच्या घरात त्या वर्षी दोन पक्ष पडले होते. श्रीरंगाचे मत गव्हर्नर प्रेस्कॉट यांना. मुक्ताचे सिनेटर हॅलोरन यांना. नुसते मत नव्हे. आमच्या भागात हॅलोरनबाईंचे सारे काम तिच्याकडे होते. उन्हाळ्यापासून नोकरी सांभाळून ती दारोदार हिंडली होती. आवाज गेला होता तो त्यापायीच. हॅलोरनबाईंचा मुख्य मुद्दा असा, की देशातील प्रत्येक माणसाच्या औषधोपचाराचा भार सरकारने उचलावा. प्रेस्कॉट म्हणत, हे हळूहळू करावे. मी दोघांचीही पत्रके टीकेसह ग्रंथ वाचावा तशी वाचली, आणि सभेच्या आठवड्यात मुक्ताला शब्द दिला, की मी तुझ्या कोपऱ्यात उभा राहीन. श्रीरंगाने फक्त विचारले, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." तो म्हणाला, "बरं. थोडा वेळ वाईट वाटेल, मग मी जेवायला येईन."

राहिली इंदुमती. तीस वर्षे तिने कन्याशाळेत भूगोल शिकवला. एवढ्या वर्षांच्या संसारात आपले मत कोणाला, हे तिने मला कधी सांगितले नाही. एकदा मतदानाहून परतताना मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बोटाला शाई लागलीय, तेवढं बघा." आता मात्र शाई नव्हती, आणि तिला कुठेतरी उभे राहावे लागणार होते. गाडीतून उतरताना मुक्ताने एका बाजूने तिचा हात धरला आणि श्रीरंगाने दुसऱ्या.

"सोडा," ती म्हणाली. "घसरले तर दोघांपैकी एकाच्या अंगावर पडेन, आणि मग त्याला वाटेल मी त्याची झाले."

व्यायामशाळा माणसांनी गजबजली होती. बास्केटबॉलच्या एका जाळीखाली प्रेस्कॉट यांचे निळे फलक, समोरच्या जाळीखाली हॅलोरनबाईंचे हिरवे. भिंतीशी कॉफीचे पिंप, त्याच्यापाशी लहान मुलांचा गलका, आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. सभेच्या अध्यक्ष होत्या लॉरेन. त्या गावच्या ग्रंथालयाच्या प्रमुख होत्या आणि महिन्यातून एकदा तेथे माझे, निवृत्त संस्कृत प्राध्यापकाचे, व्याख्यान ठेवीत. त्यांच्या हातात एक पितळी घंटा होती. श्रीरंग निळ्या फलकांखाली जाऊन उभा राहिला. त्याच्याजवळ आमचा शेजारी व्हर्नन होता, ट्रॅक्टर विकण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला, आणि व्हर्ननची पत्नी डार्लीन.

मी मुक्तासह हिरव्या फलकांखाली गेलो. इंदुमतीने दोन्हीकडे शांतपणे पाहिले आणि मधोमध मांडलेल्या लोखंडी खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसली. त्या खुर्च्या अजून ठरवू न शकलेल्यांसाठी होत्या. तेथे आठ-नऊ माणसे होती.

"आई तिथे का बसल्या?" मुक्ताने विचारले.

"तिला अजून ऐकायचे असेल."

"सहा महिने मी घरात दुसरं काय बोलतेय?"

पहिली मोजणी झाली. प्रेस्कॉट यांचा गट भक्कम होता. आणखी दोन उमेदवारांचे गटही कसेबसे टिकले. हॅलोरनबाईंच्या गटाला चार माणसे कमी पडली. मुक्ताने आमच्यातील डोकी पुन्हा स्वतः मोजली, आणि मग आपला हिरवा बिल्ला सरळ केला. एवढ्यावर गट मोडला असता तर तिच्या सहा महिन्यांचे फळ शून्य होते.

लॉरेन यांनी घंटा वाजवली. "खुर्च्यांवर बसलेल्यांना उद्देशून प्रत्येक गटाने दोन मिनिटे बोलावे. त्यानंतर अर्धा तास मोकळा."

मुक्ताने माझा कोट ओढला. "अण्णा, तुम्ही बोला."

"मी?"

"माझा आवाज तिसऱ्या खुर्चीपर्यंत पोचणार नाही. तुम्हाला लोक ग्रंथालयात ऐकतात. चार माणसं, अण्णा. फक्त चार."

प्रेस्कॉट यांच्या वतीने आधी व्हर्नन बोलला. म्हणजे उभा राहिला, घाम पुसला, गव्हर्नर चांगला माणूस आहे असे दोनदा सांगितले आणि आपल्याला भाषणे जमत नाहीत हे त्याहून अधिक पटवून सांगून खाली बसला. सगळे प्रेमाने हसले. बाकीच्या दोन गटांची भाषणे झाली, आणि मग लॉरेन यांनी माझे नाव घेतले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शास्त्रपरंपरेत प्रतिपक्षाच्या म्हणण्याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो आधी मांडावा लागतो. जेमतेम मांडून भागत नाही. प्रतिपक्षाला स्वतःला मांडता येईल त्याहून चांगला तो आपण मांडावा. तोवर त्याचे खंडन करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होत नाही. हा दंडक लहानपणापासून माझ्या हाडीमांसी मुरलेला. आणि बिचाऱ्या व्हर्ननने गव्हर्नरसाहेबांचा पक्ष इतका दुबळा मांडला होता, की त्याचे खंडन करणे मला लाजिरवाणे वाटले.

म्हणून मी आधी प्रेस्कॉट यांचा पक्ष उभा केला.

मी म्हणालो, की जी सुधारणा पायरीपायरीने येते ती टिकते. घाईने बांधलेली भिंत पहिल्या वादळात कोसळते. मी म्हणालो, की गव्हर्नरांनी आपल्या राज्यात थोडे का होईना, प्रत्यक्ष करून दाखवले आहे. सिनेटरबाईंनी अजून फक्त सांगितले आहे. सभा शांत झाली. मला तो जुना कैफ चढू लागला, ज्यात एकेक वाक्य आपल्याआधीच पुढे जाऊन उभे असते. मग मी तिसरा मुद्दा घेतला. म्हणालो, की सरकार सर्वांचे पैसे देऊ लागले तर ते कमी देईल, आणि आपल्या गावासारखी लहान इस्पितळे ते कमीपण सोसू शकणार नाहीत. ती बंद पडतील. गेल्या हिवाळ्यात या खुर्चीवर बसलेल्या माझ्या पत्नीच्या छातीत कळ आली. शहराकडचा रस्ता बर्फाने बंद होता. गावात इस्पितळ होते, म्हणून ती वाचली. ते नसते, तर आज मी येथे एकटा आलो असतो.

मग मी म्हणालो, "आता या तीन मुद्द्यांचे उत्तर असे, की..."

घंटा वाजली.

प्रथम कोणालाच काही कळले नाही. मग निळ्या कोपऱ्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि व्हर्नन तोंडाभोवती हात धरून म्हणाला, "प्रोफेसर, माझं भाषण तुम्हीच का नाही केलंत? मी घरी बसून सूप प्यायलो असतो." सारी व्यायामशाळा हसली. खुर्च्यांवरची माणसे उठू लागली. एका शेतकरी जोडप्याने आपले कोट उचलले आणि ती दोघे निळ्या फलकांच्या दिशेने निघाली.

मुक्ता माझ्याजवळ आली. "अण्णा, हे काय केलंत?"

"अजून खंडन राहिले आहे."

"घंटा झाली, अण्णा."

तिच्या डोळ्यांत रागसुद्धा नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

तेवढ्यात मधून एक आवाज आला. इंग्रजी होते, पण कन्याशाळेतील सातवीच्या वर्गाचे. "सगळे खाली बसा. त्यांनी अजून सुरुवात केलेली नाही."

आणि सगळे बसले. शेतकरी जोडपेसुद्धा, वाटेतल्या बाकावर.

इंदुमती खुर्चीवरून उठली नव्हती. ती म्हणाली, "मी यांना आयुष्यभर शिकवताना ऐकलं आहे. हे आधी दुसऱ्याचं बोलतात. नवीन विद्यार्थी नेहमी फसतात. मग हे स्वतःचं बोलतात. तुम्ही अर्ध्यावर उठलात."

"नियमाने भाषणांची वेळ संपली आहे," लॉरेन हसू आवरीत म्हणाल्या. "पण पुढचा अर्धा तास कोणी कोणाशीही बोलू शकतो. प्रोफेसर, जा आणि बोला."

मी खुर्च्यांपाशी गेलो. आमच्याभोवती कडे पडले. निळ्या कोपऱ्यातलेही कित्येक कॉफीचे पेले घेऊन ऐकायला आले. व्हर्नन सर्वांत पुढे. मी पहिल्या मुद्द्याचे उत्तर दिले, की पायरीपायरीने चढावे हे खरे, पण खालच्या पायरीवर जो आजारी पडला आहे त्याला वरची पायरी कोणत्या वर्षी मिळणार, हेही सांगावे लागते. दुसऱ्याचे उत्तर दिले, की गव्हर्नरांजवळ अधिकार होता म्हणून त्यांनी केले. तो सिनेटरबाईंना देऊन पाहण्यासाठीच तर आपण जमलो आहोत. माना हलू लागल्या. मुक्ताच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. व्हर्ननही म्हणाला, "दोन झाली. तिसरं काढा."

आणि मी थांबलो.

तिसरे उत्तर मी पत्रकातून वाचून ठेवले होते. लहान इस्पितळांसाठी वेगळी तरतूद करू, असे तेथे एका ओळीत होते. पण मघाशी त्या मुद्द्याचा विस्तार करताना मला इंदुमतीचा त्या रात्रीचा पांढरा चेहरा दिसला होता, आणि त्या चेहऱ्यासमोर ती ओळ उभी राहीना. पूर्वपक्ष मीच असा बांधला होता, की तो मला तोडता येत नव्हता. पाठशाळेत असतो तर मी हात जोडून पलीकडे जाऊन बसलो असतो. पलीकडे माझा मुलगा उभा होता. अलीकडे माझी सून होती, आणि तिला मी शब्द दिला होता.

"मुक्ता," मी मराठीत म्हणालो, "मी तुझ्या कोपऱ्यातच उभा राहीन. पण या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही. मला ते रचून सांगता येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. सहा महिने, चार माणसे, आणि हातातून निसटत चाललेला अर्धा तास, सारे तिच्या डोळ्यांत होते. "रचू नका, अण्णा," ती म्हणाली. "खरं तेच सांगा त्यांना."

मी लोकांकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितले, "तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मला ठाऊक नाही."

पेल्यांमधून वाफ निघत होती.

"मला ठाऊक आहे," इंदुमती म्हणाली. "पण ते मला इंग्रजीत सांगता येणार नाही."

मुक्ताने बोलण्याचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. तिने निळ्या कोपऱ्याकडे बोट केले. "श्रीरंग," इंदुमतीने हाक मारली, "इकडे ये. मी बोलते ते यांना सांग."

"अहो बाई, तो आमचा माणूस आहे," व्हर्नन म्हणाला.

"तिचाही आहे," श्रीरंग म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत आईच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला.

ती माझ्याकडे पाहूनच बोलू लागली. "इस्पितळात माझ्या पलंगाच्या शेजारी एक बाई होती. मध्ये नुसता पडदा. डोना नाव. किराणा दुकानात केकच्या काउंटरवर उभी राहायची. तिच्याही छातीतच दुखत होतं. ती इस्पितळाच्या समोरच्या गल्लीत राहायची, अहो. आपण गावाच्या दुसऱ्या टोकाहून बर्फातून आलो, आणि ती समोरून येईना. कितीतरी दिवस येईना. मी विचारलं, का गं थांबलीस? म्हणाली, विमा नाही, बिल किती येईल याचा विचार करत बसले. मी म्हटलं, आता आलीस ना. तर हसली. पहाटे गेली ती. तुम्ही खाली चहा आणायला गेला होतात."

ती थांबली. मग म्हणाली, "तुमचा मुद्दा खरा आहे. इस्पितळ राहायलाच हवं. पण ज्याला आत पाऊल टाकायची भीती वाटते, त्याच्या लेखी ते आजही बंदच आहे."

आता सर्वांची दृष्टी श्रीरंगावर होती. त्याने एखादा शब्द मऊ केला असता, एखादे वाक्य गाळले असते, तर कोणाला कळले असते? इंदुमतीला, मला आणि मुक्ताला. आम्ही तिघेही काही बोललो नसतो. त्याने एकही वाक्य गाळले नाही. आईच्या बोलण्यात जेथे विराम होता तेथे तो थांबला. "समोरच्या गल्लीत" हे शब्द त्याने सावकाश, प्रत्येकाला ऐकू जातील असे उच्चारले. शेवटचे वाक्य सांगताना तो निळ्या फलकांकडे तोंड करून उभा होता, कारण ते त्याच्याच बाजूच्या विरुद्ध होते आणि त्याच्याच बाजूला ऐकू जायला हवे होते. बोलून झाल्यावर त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो आपल्या कोपऱ्यात परत गेला. मत त्याने बदलले नाही. पण आपल्या विरुद्ध जाणारे म्हणणे इतके यथार्थ मांडलेले मी मोठमोठ्या सभांतही ऐकलेले नव्हते, आणि मला वाटले, मी याला संस्कृत शिकवू शकलो नाही याची खंत आता करू नये.

इंदुमती उठली. कोट हातावर घेतला आणि सर्वांदेखत, सावकाश, हिरव्या फलकांकडे चालत आली. मुक्ताने तिला मिठी मारली.

"एक," मुक्ता म्हणाली.

शेतकरी जोडप्यामध्ये थोडे कुजबुजणे झाले. बाई म्हणाल्या, "डोनाने माझ्या मुलीच्या लग्नाचा केक केला होता." ती दोघेही आली. खुर्च्यांवरचे बाकीचे मात्र हलेनात. एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन नम्रपणे म्हणाले, "प्रोफेसर, मला अजूनही तुमचा पहिलाच भाग जास्त पटतो," आणि निळ्या कोपऱ्याकडे गेले. काही अन्य गटांत गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि आम्हाला एक माणूस कमीच होता. लॉरेन यांनी घंटा उचलली. मुक्ता एकेका चेहऱ्याकडे पाहत होती.

निळ्या फलकांखाली हालचाल झाली.

"डार्लीन," व्हर्नन म्हणाला, "कुठे निघालीस?"

"पलीकडे," डार्लीन म्हणाली. "जेवायला घरीच येईन."

तिने आपला निळा बिल्ला काढून नवऱ्याच्या खिशात घातला, व्यायामशाळा ओलांडली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. घंटा वाजली. आमचा कोपरा असा काही गर्जला, की कॉफीच्या पिंपापाशी झोपलेले एक मूल जागे होऊन रडू लागले. मुक्ता ओरडत होती आणि तिचा आवाज मुळीच येत नव्हता. समोरच्या कोपऱ्यात श्रीरंग टाळ्या वाजवत होता.

परतताना गाडीत मुक्ता पुढे बसून हॅलोरनबाईंच्या कार्यालयाला कळवायचे आकडे खुणेने दाखवत होती, आणि श्रीरंग तिच्या वतीने दूरध्वनीवर बोलत होता. मागे आम्ही दोघे. मी हळूच विचारले, "डोनाचे हे मला तू कधीच का सांगितले नाहीस?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "मी वाचले म्हणून तुम्ही किती आनंदात होतात. परिचारिकेला श्लोक म्हणून दाखवत होतात. त्या दिवशी तिचं सांगितलं असतं तर तुम्हाला तो आनंद धड झाला नसता. मग राहून गेलं."

मी तिचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. हॅलोरनबाईंनी पुढे काही आठवड्यांतच माघार घेतली. पक्षाने प्रेस्कॉट यांना उभे केले, आणि मुक्ता त्यांच्यासाठीही तितकीच दारोदार हिंडली. या वेळी श्रीरंग तिच्याबरोबर होता. इंदुमती आता नाही. ती गेली तेव्हा व्हर्नन आणि डार्लीन आमच्या ओसरीवर दिवसभर बसून होती.

त्या संध्याकाळी ज्या कोपऱ्यात जो उभा होता, त्या सर्वांचे कल्याण असो. जे अलीकडे आले त्यांचे, आणि जे पलीकडे राहून टाळ्या वाजवत होते त्यांचेही. डोनाला शांती लाभो. आणि ज्यांना ज्यांना कधी कोणत्या दाराशी यावे लागेल, त्यांना ते उघडे मिळो, व आत पाऊल टाकताना भय न वाटो.